सिंहासन, भाऊबंदकी आणि संख्याबळ : सत्ताधारी पक्षातील नेतृत्वस्पर्धेचे मराठी कथनरूप

१. प्रास्ताविक

सत्ताधारी पक्षातील नेतृत्वस्पर्धा हा सामान्यतः राज्यशास्त्राच्या कक्षेतील विषय मानला जातो. परंतु ही स्पर्धा ज्या शब्दांतून समाजाला कळते आणि ज्या कथारूपांतून ती समाजाच्या स्मरणात राहते, ते शब्द आणि ती रूपे साहित्याच्या अभ्यासकक्षेत येतात. मराठी भाषकांच्या मनात मंत्रिमंडळातील कुरघोडीचे जे चित्र आहे, ते केवळ वृत्तपत्रांनी घडविलेले नाही. अरुण साधू ह्यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ (१९७७) ह्या कादंबऱ्या व त्यांच्या आधारे विजय तेंडुलकर ह्यांनी लिहिलेल्या पटकथेवरचा जब्बार पटेल ह्यांचा ‘सिंहासन’ (१९७९) हा चित्रपट ह्यांचा त्या घडणीत मोठा वाटा आहे.

ह्या साहित्यकृतींचे वाचन मात्र बहुधा एकाच अंगाने होत आले आहे. कादंबरीतला मुख्यमंत्री म्हणजे प्रत्यक्षातील कोण, अर्थमंत्री कोणावरून बेतला, कामगारपुढारी म्हणजे अमुक काय, असे प्रश्न वर्गात आणि वर्गाबाहेर सतत विचारले जातात. अशा वाचनात कादंबरी ही एक कूटकथा होते. मुखवट्यांमागचे चेहरे ओळखले की वाचन संपते. ह्यामुळे दोन प्रकारची हानी संभवते. एक म्हणजे ज्या पिढीला ते मूळ चेहरे ठाऊक नाहीत, त्या पिढीला कादंबरीत काहीच उरत नाही. दुसरी हानी अधिक गंभीर आहे. स्पर्धा व्यक्तींच्या स्वभावातून जन्मते असे एकदा मानले की ती ज्या रचनेतून जन्मते त्या रचनेकडे डोळेझाक होते. नेतृत्वस्पर्धेची रचना कशी असते, त्या रचनेतून कोणते कथनरूप अपरिहार्यपणे निर्माण होते आणि मराठी परंपरेतील भाऊबंदकीच्या कथांपेक्षा ते कोठे वेगळे पडते, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात अभिप्रेत आहे.

२. स्पर्धेची रचना

संसदीय पद्धतीत मुख्यमंत्री थेट मतदारांकडून निवडला जात नाही. विधिमंडळ पक्षाने ज्याला नेता मानले तो मुख्यमंत्री होतो. त्यामुळे बहुमतातल्या पक्षाच्या नेत्याचे आसन दोन आधारांवर उभे असते. एक आधार आमदारांच्या संख्येचा आणि दुसरा पक्षश्रेष्ठींच्या विश्वासाचा. ह्यांपैकी एकही आधार कायमचा नसतो. शिवाय एक आधार खचू लागला की दुसऱ्याचा भाव वाढतो. आमदारांत असंतोष वाढला की नेता श्रेष्ठींकडे धाव घेतो आणि श्रेष्ठींची मर्जी खप्पा झाली की तो आमदारांची यादी पुढे करतो. त्याचा प्रतिस्पर्धीही हेच दोन दरवाजे ठोठावत असतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात ह्या रचनेला आणखी एक मजला आहे. १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्याच सुमारास सहकारी साखर कारखाने, जिल्हा मध्यवर्ती बँका, खरेदी-विक्री संघ आणि शिक्षणसंस्था ह्यांचे जाळे विस्तारत गेले. आमदार विधानभवनात येतो तो ह्या जिल्हास्तरीय सत्ताकेंद्रातून. त्याची निष्ठा नेत्याच्या व्यक्तिमत्त्वापेक्षा आपल्या जिल्ह्यातील विरोधी गटाला कोण डोके वर काढू देणार नाही, ह्या हिशेबाशी अधिक बांधलेली असते. म्हणून मुंबईतील एका नेत्याविरुद्धच्या असंतोषात अनेक जिल्ह्यांतील अनेक स्वतंत्र भांडणे एकवटलेली असतात. वरून पाहताना दोन गट दिसतात, खाली मात्र प्रत्येक तालुक्यात त्या दोन गटांचा अर्थ वेगळा असतो.

विरोधी पक्ष दुबळा असला की ह्या स्पर्धेला अधिक धार येते. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत २६४ पैकी २१५ आणि १९७२ मध्ये २७० पैकी २२२ जागा काँग्रेस पक्षाने जिंकल्या होत्या. सभागृहात समोरच्या बाकांवरून सरकारला धोका नसेल तर तो शेजारच्या बाकावरूनच संभवतो. रजनी कोठारी ह्यांनी १९६४ साली ‘काँग्रेस पद्धती’ची जी संकल्पना मांडली, तिचे एक मर्म हेच आहे. एकाच पक्षाच्या वर्चस्वाच्या काळात मतभेद, दबाव आणि नेतृत्वबदल ही विरोधी पक्षाने करावयाची कामे सत्ताधारी पक्षातील गटच पार पाडीत असतात. ह्या दृष्टीने पाहिले तर गटबाजी हा पक्षाला जडलेला रोग नसून पक्षाच्या चलनवलनाचाच एक प्रकार ठरतो.

३. उघड मतदानाकडून अदृश्य हालचालींकडे

ही स्पर्धा नेहमीच झाकलेली होती असे नाही. १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्याच्या नेतेपदाचा प्रश्न आला, तेव्हा मोरारजी देसाई ह्यांना एकमताने निवड हवी होती. भाऊसाहेब हिरे माघार घ्यावयास तयार झाले नाहीत, तेव्हा मोरारजी बाजूला झाले आणि यशवंतराव चव्हाण व हिरे ह्यांच्यात सरळ लढत झाली. चव्हाणांना ३३३ आणि हिऱ्यांना १११ मते पडली. येथे स्पर्धा आहे, उमेदवार आहेत, मोजदाद आहे आणि निकालही आहे. कथनाच्या दृष्टीने ही साधी घटना ठरते. तिला आरंभ आणि शेवट दोन्ही आहेत.

१९६९ च्या काँग्रेस फुटीनंतर श्रेष्ठींचे स्थान बळावले आणि नेतेपदाचा निर्णय दिल्लीत होऊन विधिमंडळ पक्षाने त्याला संमती देण्याची प्रथा दृढ होत गेली. वसंतराव नाईक १९६३ च्या डिसेंबरपासून ११ वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. १९७५ च्या फेब्रुवारीत त्यांच्या जागी शंकरराव चव्हाण आले. त्यांच्या मंत्रिमंडळातून १९७६ साली वगळले गेल्यावर वसंतदादा पाटील ह्यांनी राजकीय संन्यास जाहीर केला आणि १९७७ च्या मे महिन्यात तेच मुख्यमंत्री झाले. ‘सिंहासन’ ही कादंबरी ह्याच वर्षीची आहे. पुढच्याच वर्षी, १९७८ च्या निवडणुकीत, २८८ पैकी जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. दोन्ही काँग्रेसनी मिळून वसंतदादांच्या नेतृत्वाखाली सरकार स्थापिले आणि १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार ह्यांनी त्यातून बाहेर पडून पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आणले. त्यानंतर १९८० च्या जूनपासून १९८८ च्या जूनपर्यंतच्या ८ वर्षांत अ. र. अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा पाटील, शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि शंकरराव चव्हाण असे पाच मुख्यमंत्री झाले. पाचही एकाच पक्षाचे होते.

ह्या तपशिलांचा साहित्यविचाराशी संबंध असा की, उघड मतदानाची जागा अदृश्य हालचालींनी घेतली, तेव्हा स्पर्धेच्या कथनाचा प्रश्नच बदलला. आता कोणीही स्वतःला स्पर्धक म्हणवून घेत नाही. ‘मी पक्षाचा एक सामान्य कार्यकर्ता आहे’, ‘श्रेष्ठी देतील तो आदेश शिरोधार्य’ ही विधाने म्हणजे स्पर्धेचा नकार नसून तिचा शिष्टसंमत आविष्कार आहे. स्पर्धा चालू असल्याचे नाकारणे हाच स्पर्धेचा पहिला नियम होतो. जे घडते आहे ते कोणी बोलत नाही आणि जे बोलले जाते त्यात काही घडत नाही. अशा व्यवहाराचे कथन करावयाचे तर ऐकीव बातमी, अफवा, सूचक मौन, भोजनाचे निमंत्रण, अचानक आलेले आजारपण, पुढे ढकललेला दौरा ह्यांनाच घटनांचे मोल द्यावे लागते.

४. शब्दांचे दोन साठे

नेतृत्वस्पर्धेविषयी मराठीत जे शब्द वापरले जातात ते प्रामुख्याने दोन साठ्यांतून आलेले दिसतात. पहिला साठा घराण्याचा आणि गादीचा आहे. भाऊबंदकी, घरभेदी, वारसदार, गादी, मानसपुत्र, दुही, फितुरी, पाठीत खंजीर खुपसणे हे शब्दप्रयोग ह्या साठ्यातले. ह्यांपैकी शेवटचा वाक्प्रचार १९७८ नंतरच्या राजकीय चर्चेत विशेषच रुळला. ‘सुंदोपसुंदी’ हा शब्दही ह्याच जातीचा. एकमेकांवाचून क्षणभर न राहणारे सुंद आणि उपसुंद हे दोन भाऊ तिलोत्तमेसाठी परस्परांचा नाश करतात, ही पुराणकथा त्या एका शब्दात सामावलेली आहे. दुसरा साठा खेळाचा आहे. शह, काटशह, प्यादे, मोहरा, चाल हे शब्द बुद्धिबळाच्या पटावरून आले. डाव, पेच, कुरघोडी, चितपट हे कुस्तीच्या आखाड्यातून आले.

हे दोन साठे केवळ अलंकरणासाठी नाहीत. प्रत्येक साठा आपल्याबरोबर एक मूल्यदृष्टी घेऊन येतो. घराण्याच्या भाषेत प्रत्येक स्पर्धा हा अपराध ठरतो. घरात वडील माणूस एकच असावयाचा आणि त्याच्या जागेची इच्छा धरणे हे पातक. त्यामुळे ह्या भाषेत आव्हान देणारा नेहमीच विश्वासघातकी असतो, मग त्याचे आव्हान न्याय्य असो वा नसो. खेळाच्या भाषेत ह्याच्या उलट कोणतीच कृती अपराध ठरत नाही. तेथे कौशल्य तेवढे मोजले जाते आणि प्रेक्षक जिंकणाऱ्याला दाद देतो. पहिली भाषा लोकशाहीतील रास्त स्पर्धेला पाप ठरविते आणि दुसरी भाषा गैर स्पर्धेलाही कला ठरविते. ‘कोणत्या प्रश्नावर ही स्पर्धा आहे’ हा नागरिकाचा प्रश्न ह्या दोन्ही भाषांतून निसटतो.

‘सिंहासन’ ह्या शीर्षकाचे मर्म ह्या संदर्भात ध्यानात येते. शब्द राजेशाहीतला आहे. कादंबरीचे विश्व मात्र डोकी मोजण्याचे आहे. सिंहासनावर बसणारा वारसाहक्काने बसतो, तर मुख्यमंत्री संख्येच्या जोरावर बसतो आणि संख्या रोज सकाळी पुन्हा मोजावी लागते. शब्द आणि व्यवहार ह्यांतील हे अंतर हाच शीर्षकातील उपरोध होय. ‘मुंबई दिनांक’ ह्या शीर्षकातही अशीच सूचकता आहे. वृत्तपत्रातील बातमीच्या आरंभी स्थळ आणि तारीख देण्याचा जो संकेत असतो, त्याचाच तो तुकडा आहे. तारखेच्या पुढची बातमी त्यात नाही. ती रोज बदलणारी आहे.

५. ‘भाऊबंदकी’ची परंपरा आणि न्यायासनाचा लोप

सत्तेसाठी आप्तांतच झालेल्या संघर्षाचे चित्रण मराठीला नवे नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांच्या ‘भाऊबंदकी’ (१९०९) ह्या नाटकाला नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनाची पार्श्वभूमी आहे. नाटक लिहिले गेले तेव्हा सुरतेच्या अधिवेशनातील काँग्रेसची १९०७ ची फूट ताजी होती आणि खाडिलकर ‘केसरी’च्या वर्तुळातले होते. तेव्हाच्या प्रेक्षकाला पेशव्यांच्या घरातील दुहीत समकालीन दुहीचे सूचन जाणवणे स्वाभाविक होते. सत्तास्पर्धेविषयी बोलताना इतिहासाची ओसरी वापरण्याची ही रीत मराठी रंगभूमीवर पुढेही टिकली.

‘भाऊबंदकी’त संघर्षाच्या वर एक न्यायासन आहे. रामशास्त्री प्रभुणे सत्तेवर बसलेल्या माणसाला त्याच्या तोंडावर दोषी ठरवितो. त्याच्याजवळ सैन्य नाही, तरी त्याच्या शब्दाला वजन आहे. त्यामुळे स्पर्धेत कोणीही जिंकले तरी नाटकाचा नैतिक निर्णय संदिग्ध राहत नाही. प्रेक्षक घरी जाताना न्याय कोठे होता हे जाणून जातो.

अरुण साधूंच्या विश्वात असे न्यायासन नाही. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे ह्यांना आपल्याच मंत्रिमंडळातून आपल्याविरुद्ध हालचाली सुरू असल्याची चाहूल लागते. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे हे त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी. मंत्री, आमदार, उद्योगपती, कामगारपुढारी डिकास्टा आणि शहरातील तस्करीचे जग हे सारे ह्या एका स्पर्धेच्या परिघात ओढले जातात. ह्या परिघात सर्वत्र वावर असलेले पात्र म्हणजे वार्ताहर दिगू टिपणीस. रामशास्त्र्याची जागा कथनात त्याला मिळाली आहे, परंतु रामशास्त्र्याचा अधिकार मात्र त्याला मिळालेला नाही. त्याला सर्व काही कळते. पण त्याच्या जाणण्याने काहीही बदलत नाही.

६. वार्ताहराचे स्थान

दिगू टिपणीसाचे पात्र लेखकाच्या व्यवसायानुभवातून आले, असे त्याचे स्पष्टीकरण सहज देता येते. अरुण साधू (१९४१-२०१७) हे स्वतः इंग्रजी वृत्तपत्रसृष्टीतील नावाजलेले पत्रकार होते. तथापि ह्या चरित्रात्मक स्पष्टीकरणापेक्षा रचनात्मक स्पष्टीकरण अधिक समाधानकारक वाटते. स्पर्धा नाकारणे हा जर स्पर्धेचा नियम असेल, तर स्पर्धकांना आपला निरोप पोचविण्यासाठी मध्यस्थ लागतो. मुख्यमंत्र्यांनी प्रतिस्पर्ध्याला इशारा द्यावयाचा तर तो समोरासमोर देता येत नाही. तो ‘विश्वसनीय सूत्रांकडून’ बातमी होऊन जावा लागतो. असंतुष्टांची संख्या किती, हे असंतुष्ट स्वतः सांगू शकत नाहीत. तो आकडा वृत्तपत्रात छापून यावा लागतो आणि छापून आल्यावर तो वाढू लागतो, कारण कुंपणावरचा आमदार त्या आकड्याकडे पाहूनच आपली बाजू ठरवितो. बातमी येथे घटनेचे केवळ प्रतिबिंब न राहता घटनेचे कारण होते.

ह्यामुळे वार्ताहराची स्थिती मोठी विचित्र होते. तो साक्षीदार आहे आणि नकळत साधनही आहे. दोन्ही बाजू त्याला विश्वासात घेतात, कारण दोन्ही बाजूंना त्याचा उपयोग आहे. जितके अधिक कळते तितका तो अधिक वापरला जातो. चित्रपटात निळू फुले ह्यांनी साकारलेला दिगू अखेरीस भान हरपल्यासारखा दिसतो. ही अखेर पुष्कळांना भडक वाटली असली, तरी ती कथेच्या तर्काला सोडून नाही. ज्ञान आणि कृती ह्यांचा सांधा तुटला की ज्ञान हे ओझे होते. ह्या अर्थाने दिगू हा वाचकाचाही प्रतिनिधी आहे. वृत्तपत्रांतून सत्तास्पर्धेचा प्रत्येक डाव रोज जाणणारा आणि पाच वर्षांतून एकदाच काही करू शकणारा मध्यमवर्गीय वाचक स्वतःचीच असहायता त्याच्या ठायी पाहतो.

कथनाचे अनेककेंद्री रूपही ह्याच रचनेतून येते. एका नायकाच्या दृष्टिकोनातून ही स्पर्धा सांगता येणार नाही, कारण कोणत्याही एका ठिकाणाहून ती पूर्ण दिसतच नाही. म्हणून बंगला, मंत्रालय, वृत्तपत्राची कचेरी, गिरणगाव, झोपडपट्टी अशा स्थळांमध्ये कथन वेगाने फिरते. व्यक्तिचित्रणाची खोली त्यात काही प्रमाणात हरवते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ही उणीव आणि त्या कादंबरीचे सामर्थ्य एकाच मुळातून आलेले आहे, हे विसरता येत नाही.

७. ‘सत्तांतर’ : भाषेवाचूनची स्पर्धा

व्यंकटेश माडगूळकर ह्यांची ‘सत्तांतर’ (१९८२) ही छोटी कादंबरी ह्या संदर्भात तुलनेसाठी विशेष उपयुक्त आहे. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यात वानरांच्या टोळीतील नेतृत्वबदलाचे चित्रण आहे. वानरांच्या अनेक टोळ्यांत एकच प्रौढ नर म्होरक्या असतो. बाहेरचे नर त्याला हुसकावून लावतात आणि नवा म्होरक्या आधीच्या नराची दूधपिती पिल्ले मारतो, ह्याची निरीक्षणे वन्यजीव-अभ्यासकांनी धारवाड, अबू आदी ठिकाणी केलेली आहेत. माडगूळकरांनी हा निसर्गक्रम कोणतेही भाष्य न करता, निरीक्षकाच्या संयमाने सांगितला आहे.

‘सत्तांतर’ला राजकीय रूपककथा म्हणण्याचा मोह शीर्षकामुळेच होतो. ती तशी वाचता येते. परंतु दोन्ही कृतींमधील भेद अधिक बोधप्रद आहे. वानरांच्या स्पर्धेत संख्याबळ नाही, श्रेष्ठी नाहीत आणि मुख्य म्हणजे कारण सांगण्याची गरज नाही. माणसांच्या स्पर्धेत प्रत्येक हालचालीला कारण जोडावे लागते. ‘दुष्काळी भागाकडे दुर्लक्ष झाले’, ‘कार्यकर्त्यांचा मान राखला गेला नाही’, ‘प्रादेशिक समतोल बिघडला’ अशी कारणे पुढे केली जातात. ही कारणे खोटीच असतात असे नाही. कित्येकदा ती खरी असतात आणि तरीही स्पर्धेचे खरे कारण ती नसतात. माणसांच्या नेतृत्वस्पर्धेतील सर्वांत अवघड भाग हाच आहे, आणि तो केवळ भाषेत अस्तित्वात असल्यामुळे त्याचे विश्लेषण साहित्याच्या अभ्यासकाच्या वाट्याला येते.

दोन्ही कृतींना जोडणारा धागाही आहे. ‘सत्तांतर’मध्ये स्पर्धेची किंमत पिल्ले मोजतात. त्यांचा त्या स्पर्धेत काहीच भाग नसतो. ‘सिंहासन’च्या विश्वातही बंगल्यांतील डावपेचांच्या कडेला शहरातील श्रमिक आणि बेघर माणसे उभी असतात. त्यांच्या मागण्या स्पर्धेत वापरल्या जातात आणि स्पर्धा मिटली की मागे ठेवल्या जातात. स्पर्धा कोण जिंकते ह्यापेक्षा स्पर्धेच्या बाहेरच्यांचे काय होते, ह्या प्रश्नाने दोन्ही कृतींना वजन आलेले आहे.

८. मर्यादा आणि पूरक वाचन

‘सिंहासन’च्या एका मर्यादेची नोंद करणे आवश्यक आहे. ती मुंबईतून पाहणारी कादंबरी आहे. जिल्ह्यातील सत्ताकेंद्रे तिच्यात आमदारांच्या रूपाने येतात. ती केंद्रे कशी घडतात, हे तिच्यात फारसे दिसत नाही. त्या अंगाने शंकर पाटील ह्यांची ‘टारफुला’ (१९६४) आणि रंगनाथ पठारे ह्यांची ‘ताम्रपट’ (१९९४) ह्या कादंबऱ्या पूरक ठरतात. ‘टारफुला’त गावच्या पाटलाच्या मृत्यूने निर्माण झालेली सत्तेची पोकळी आणि ती भरून काढण्यासाठी उसळणारे बळ आहे. तेथे पक्ष नाही, मतदान नाही. तरी पुढे पक्षाच्या पोटात शिरलेली वृत्ती तेथे तिच्या मूळ मातीत दिसते. ‘ताम्रपट’मध्ये शिक्षणसंस्था आणि स्थानिक राजकारण ह्यांची गुंतागुंत विस्ताराने येते. स्वातंत्र्यसैनिकांना दिल्या गेलेल्या सन्मानचिन्हाचे नाव धारण करणाऱ्या ह्या कादंबरीत ध्येयवादाची पुढे झालेली परवड तिच्या शीर्षकातूनच सूचित होते. ह्या तिन्ही कृती एकत्र वाचल्या तर गाव, जिल्हा आणि राजधानी असा नेतृत्वस्पर्धेचा पूर्ण उभा छेद हाती येतो. पदव्युत्तर अध्यापनात अशी जोडणी केल्यास राजकीय कादंबरी हा प्रकार एखाद्या सुट्या कृतीपुरता मर्यादित राहणार नाही.

९. बदललेले नियम

‘सिंहासन’चे वाचन ऐतिहासिक जाणिवेने करण्याची आणखी एक निकड आहे. कादंबरीतील खेळाचे नियम पुढे बदलले. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आणली, परंतु एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला मुभा ठेवली. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती मुभा काढून घेतली आणि दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणारे विलीनीकरण तेवढे वैध राहिले. ‘सिंहासन’मधील असंतुष्टाला पक्षात राहून दबाव आणणे किंवा पक्ष सोडणे असे दोन मार्ग होते. नव्या नियमांत पक्ष सोडण्याचा मार्ग धोक्याचा झाला. त्यामुळे पक्ष न सोडता ‘खरा पक्ष आम्हीच’ असा दावा करण्याचा तिसरा मार्ग महत्त्व पावला. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेत आणि २०२३ च्या जुलैमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात झालेल्या फुटींना हेच रूप होते. पक्षाचे नाव आणि चिन्ह कोणाचे, ह्याचा निर्णय निवडणूक आयोगाने अनुक्रमे २०२३ च्या आणि २०२४ च्या फेब्रुवारीत दिला. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा शिवसेनेच्या फुटीसंबंधीचा निकालही आला.

ह्या बदलाचा भाषेवरील परिणाम लक्षणीय आहे. पूर्वीच्या स्पर्धेत ‘नेता कोण’ हा प्रश्न होता. नव्या स्पर्धेत ‘पक्ष कोणता’ हा प्रश्न झाला. साहजिकच वारसा, मूळ, अस्सल, विचार, निष्ठा आणि गद्दारी हे शब्द पुढे आले. म्हणजे कायद्याने नियम आधुनिक केले आणि त्यांच्या दडपणाखाली भाषा पुन्हा घराण्याच्या साठ्याकडे वळली. अपात्रतेची याचिका, गटनेता आणि प्रतोद हे कायद्याचे शब्दही त्याच काळात सर्वतोमुखी झाले, परंतु भावनेचा भार त्यांनी वाहिला नाही. तो भार भाऊबंदकीच्या जुन्या शब्दांनीच वाहिला. ह्या अवस्थेचे कथन करणाऱ्या कादंबरीला ‘सिंहासन’चा साचा जसाच्या तसा उपयोगी पडणार नाही. पडद्यामागच्या हालचाली जेथे थेट प्रक्षेपणात दिसतात, तेथे सर्व जाणणाऱ्या एकाकी वार्ताहराचे स्थान कोणाला द्यावयाचे, हा त्या कादंबरीपुढचा पहिला प्रश्न असेल.

१०. समारोप

आतापर्यंतच्या विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. सत्ताधारी पक्षातील नेतृत्वस्पर्धा ही संसदीय रचनेतून आणि एकपक्षीय वर्चस्वाच्या परिस्थितीतून निर्माण होते. व्यक्तींच्या महत्त्वाकांक्षा तिला रंग देतात, परंतु तिची चौकट घडवीत नाहीत. स्पर्धा नाकारण्याचा संकेत दृढ झाल्यावर तिचे कथन अफवा, मध्यस्थ आणि अनेककेंद्री निवेदन ह्यांच्या आश्रयानेच होऊ शकते आणि ‘सिंहासन’ने हे रूप मराठीत सिद्ध केले. ‘भाऊबंदकी’तील न्यायासनाची जागा तिच्यात हतबल साक्षीदाराने घेतली. मराठी कथनपरंपरेतील हे मोठे स्थित्यंतर आहे.

ह्या कृती वाचणाऱ्या विद्यार्थ्याला मुखवट्यांमागची नावे सांगणे सोपे असते आणि ती सांगितली की वर्गात हशाही पिकतो. परंतु नावे जुनी होतात. कोणत्याही काळातील नेतृत्वस्पर्धेची बातमी समोर आली असता, ती घराण्याच्या भाषेत सांगितली जात आहे की खेळाच्या, पुढे केलेले कारण आणि खरे कारण ह्यांत अंतर किती, आणि स्पर्धेबाहेरच्या माणसांचा कोणता प्रश्न तिच्यात वापरला गेला, हे विचारण्याची सवय लागली तर ती जुनी होत नाही. राजकीय कादंबरीच्या अध्यापनातून एवढे साधले, तरी त्या अध्यापनाचे प्रयोजन सफल झाले असे म्हणता येईल.